जुने म्हणजे नेमके किती जुने?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. माणसाच्या आयुष्यात पन्नास वर्षे हा मोठा काळ आहे. पण आज मला ज्या शास्त्राविषयी बोलावयाचे आहे, त्या शास्त्राच्या हिशेबात पन्नास वर्षे म्हणजे मोजमापातील फरक म्हणून सोडून देण्याइतकी असतात. ते शास्त्र म्हणजे पुरातत्त्व. मी या विषयाचा पंडित नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी आहे. वाचनाची आवड म्हणून या विषयाकडे वळलो आणि एक गोष्ट ध्यानी आली. आपल्या समाजात आपण आपल्या प्राचीनतेविषयी पुष्कळ बोलतो, परंतु त्यासाठी लागणारे शब्द मात्र सैलपणे वापरतो. ‘प्राचीन’, ‘पुरातन’, ‘ऐतिहासिक’, ‘प्रागैतिहासिक’ हे सारे शब्द आपण एकाच अर्थाने योजतो. दुकानात वार आणि मीटर यांत असा घोळ केला तर संध्याकाळी गल्ल्याचा मेळ बसणार नाही. इतिहासाच्या बाबतीतही मेळ बसत नाही, फक्त तो उशिरा कळतो.

यास्तव आज मी काही शब्दांचा परिचय करून देणार आहे. हे शब्द कोरडे नाहीत. त्यांच्यावर आपल्या मंदिरातील, भांडारातील आणि गावाभोवतालच्या वस्तूंचे भवितव्य अवलंबून आहे.

इतिहासाच्या अलीकडे आणि पलीकडे

पहिला शब्द ‘प्रागितिहास’. अनेकांना वाटते की प्रागितिहास म्हणजे अतिशय जुना इतिहास. तसे नाही. ज्या काळातील माणसाचे लेखन आपल्याजवळ नाही, तो काळ म्हणजे प्रागितिहास. येथे कसोटी वयाची नसून लेखनाची आहे. ज्या काळी लेखन होते, परंतु ते आज वाचता येत नाही, अशा काळाला अभ्यासक ‘आद्येतिहास’ म्हणतात. हडप्पा आणि मोहेंजोदडो ही त्याची ठळक उदाहरणे होत. तेथील मुद्रांवर अक्षरचिन्हे आहेत. पण त्या लिपीचे सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नाही. ज्या काळाचे लेखन मिळते आणि वाचताही येते, तो ‘इतिहास’.

प्रागितिहासाचे अश्मयुग, ताम्र व कांस्ययुग आणि लोहयुग असे भाग पाडण्याची पद्धत डेन्मार्कमधील ख्रिश्चन थॉमसेन यांनी रूढ केली. व्यापारी बंधूंना आनंद वाटेल अशी गोष्ट म्हणजे थॉमसेन हे एका व्यापाऱ्याचे चिरंजीव होते आणि स्वतःही घरच्या व्यापारात लक्ष घालीत. १८१६ साली कोपनहेगनच्या संग्रहातील अस्ताव्यस्त वस्तू लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी दगडाच्या वस्तू एकीकडे, कांस्याच्या दुसरीकडे, लोखंडाच्या तिसरीकडे मांडल्या आणि कोणत्या वस्तू कोणत्या वस्तूंच्या सोबतीने सापडतात हे पाहिले. आलेल्या मालाची प्रतवारी लावावी तसे हे काम. १८३६ साली त्यांनी ही मांडणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे १८६५ साली जॉन लबक यांनी अश्मयुगाचे पुराश्मयुग आणि नवाश्मयुग असे दोन भाग केले. आपल्या देशात रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे पुराश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासाचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी त्यांनी शोधलेल्या अत्तिरमपक्कम या स्थळी नंतर सखोल संशोधन झाले आणि तेथील दगडी हत्यारे सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. ‘अश्मयुग’ यातील ‘युग’ आणि कलियुगातील ‘युग’ हे दोन शब्द वेगळ्या कुळातील आहेत. आपल्या आगमांतील अवसर्पिणी, आरा, पल्योपम, सागरोपम ही कालगणनाही वेगळ्या प्रयोजनाची आहे. ती जीवाच्या अनंत प्रवासाचा विचार करते. पुरातत्त्व हे जमिनीत सापडलेल्या वस्तूचा विचार करते. एकाच्या मापाने दुसरे मोजू नये. कापड मीटरने मोजावे आणि सूत किलोने तोलावे. दोन्ही मापे आपापल्या ठिकाणी खरी असतात.

पांढरी आणि काळी

शास्त्रातील सगळे शब्द परदेशातून आले असे समजण्याचे कारण नाही. ‘पांढरी’ हा आपल्या खेड्यातील शब्द घ्या. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेणसारवण आणि कचरा साचून जमिनीचा रंग पांढुरका होतो आणि तेथे टेकाड तयार होते. नदीकाठी गावाबाहेर असे पांढरीचे टेकाड दिसले की पुरातत्त्वज्ञाचे पाऊल तेथे थांबते. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला हा शब्द म्हणजे वस्तुतः एक शास्त्रीय निरीक्षणच आहे. दुर्दैवाने हीच माती सुपीक म्हणून खताप्रमाणे गाड्या भरभरून शेतात नेली जाते आणि तिच्याबरोबर अडीच-तीन हजार वर्षांचा पुरावाही निघून जातो.

टेकाडात ‘उत्खनन’ होते. उत्खनन आणि खणणे यांत भेद आहे. विहीर खणणाऱ्याला पाणी हवे असते, गुप्तधन शोधणाऱ्याला धन हवे असते. उत्खनन करणाऱ्याला वस्तू कोठे, कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी सापडली ही माहिती हवी असते. या थरांच्या रचनेला ‘स्तरविन्यास’ म्हणतात. त्याचा नियम साधा आहे: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. गोदामात ताग्यांची थप्पी लावली की सर्वांत खालचा तागा आधी आलेला असतो, तसेच हे. मात्र एखाद्या नोकराने मधला तागा ओढून काढला आणि वरचा तेथे खुपसला तर क्रम बिघडतो. जमिनीतही उंदराची बिळे, नंतर खोदलेले खड्डे, पेवे यांमुळे क्रम बिघडतो. ते ओळखणे हेच उत्खननाचे कौशल्य आहे. म्हणूनच जमिनीतून उपटून आणलेली सुंदर मूर्तीसुद्धा, तिचे स्थान नोंदलेले नसेल तर, अभ्यासकाच्या दृष्टीने निम्मी मुकी झालेली असते.

महाराष्ट्राच्या पांढरीला खऱ्या अर्थाने बोलके केले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि डॉ. हसमुख सांकळिया यांच्यासारख्या संशोधकांनी. १९५०-५१ साली नाशिक व संगमनेरजवळील जोर्वे येथे, १९५४ पासून नेवासे येथे आणि १९६८ ते १९८३ या काळात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे उत्खनने झाली. त्यांतून महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचा जीवनक्रम समोर आला. हे लोक दगडाची पाती आणि थोडे तांबे वापरीत, म्हणून त्या काळाला ‘ताम्रपाषाण’ काळ म्हणतात. इनामगावात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात वस्ती होती. लहान मूल दगावले तर दोन मडक्यांची तोंडे जुळवून त्यात ठेवीत आणि घराच्या जमिनीतच पुरीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांना आपले लेकरू घराबाहेर ठेववले नाही, असे आपल्याला वाटते. पण शास्त्रज्ञ तेथे सावध असतो. मडकी, जागा आणि दिशा तो खात्रीने सांगतो. त्या आईबापांच्या मनातले काय, ते ‘संभवते’ असे म्हणतो.

या प्रकारच्या अवशेषांना ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. येथेही शब्दाचा अर्थ जपून घ्यावा लागतो. एरवी आपण संस्कृती म्हणतो तेव्हा आचार, विचार, कला अभिप्रेत असतात. पुरातत्त्वात संस्कृती म्हणजे विशिष्ट काळात, विशिष्ट प्रदेशात पुन्हा पुन्हा एकत्र सापडणाऱ्या वस्तूंचा समूह. तसली तांबडी मडकी, त्यांवरील काळी नक्षी, तसली घरे, तसली दफने. ज्या गावी तो समूह प्रथम ओळखला गेला, त्या गावाचे नाव त्याला देतात. जोर्वे या छोट्या गावाचे नाव त्यामुळे जगभरच्या ग्रंथांत गेले.

एका धाग्याची साक्ष

आता थोडे माझ्या व्यवसायातले. कापूस, रेशीम, अळशी हे सारे कुजणारे पदार्थ आहेत. आपल्या हवेत कापड हजारो वर्षे टिकत नाही. मग प्राचीन कापडाविषयी आपणास कळले कसे? येथे ‘प्रत्यक्ष पुरावा’ आणि ‘अप्रत्यक्ष पुरावा’ हे दोन शब्द उपयोगी पडतात.

चात्याची मातीची चकती सापडली तर सूत कातले जात होते असे अनुमान निघते. मडक्याच्या ओल्या मातीवर कापडाचा ठसा उमटला असेल तर विणीचा पोत कळतो. हा अप्रत्यक्ष पुरावा. प्रत्यक्ष धागा टिकतो तो बहुधा धातूच्या संगतीत. तांबे वा चांदी गंजताना जे क्षार तयार होतात, ते धाग्यात शिरून त्याला कुजू देत नाहीत. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका पात्राला चिकटलेले कापडाचे तुकडे मिळाले. त्यांची तपासणी आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कापूस तंत्र प्रयोगशाळेत टर्नर आणि गुलाटी या तज्ज्ञांनी केली आणि तो कापूसच असल्याचा निर्वाळा १९२८ च्या सुमारास दिला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे सुती कापड! तेथील एका तुकड्यावर मंजिष्ठेचा रंगही ओळखता आला. पुढे २००२ साली बलुचिस्तानातील मेहरगढ येथील एका तांब्याच्या मण्याच्या छिद्रात कापसाचे तंतू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यामुळे कापसाचा ज्ञात वापर नवाश्मयुगापर्यंत, आणखी हजारो वर्षे मागे गेला. आपल्या नेवाशालाही एका माळेतील तांब्याच्या मण्यांत धाग्याचे अवशेष मिळाले. त्यांत रेशीम व कापूस ओळखले गेले. पुणे जिल्ह्यातील चांडोलीच्या मण्यांत अळशीचा धागा होता.

एका मण्याच्या छिद्रातील चिमूटभर तंतूंनी हजारो वर्षांचा हिशेब बदलला. आपण जुने दागिने, जुनी भांडी चकचकीत करण्यासाठी आम्लाने घासतो. अशा घासण्यात काय काय गेले असेल, याचा विचार करावा.

घसारा आणि कार्बन

सर्वांच्या कानावरून गेलेला आणि सर्वाधिक चुकीचा वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘कार्बन चाचणी’. अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी १९४९ साली ही पद्धत जगापुढे मांडली आणि १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक सजीव जिवंत असेपर्यंत हवेतून वा अन्नातून कार्बन घेतो. त्यात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सर्गी अंश अत्यल्प प्रमाणात असतो. सजीव मृत झाला की नवी आवक बंद होते आणि असलेला अंश ठरावीक गतीने घटू लागतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. या कालावधीला ‘अर्धायुष्य’ म्हणतात.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे चटकन समजेल. हा घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा आहे. ५,७३० वर्षांनी निम्मा, ११,४६० वर्षांनी पाव, १७,१९० वर्षांनी एक अष्टमांश. शिल्लक कधीच पूर्ण शून्य होत नाही. परंतु सुमारे पन्नास हजार वर्षांनंतर ती मोजण्याइतकीही उरत नाही. मूळ रक्कम, घसाऱ्याचा दर आणि आजची शिल्लक माहीत असेल तर मालमत्ता केव्हा घेतली ते काढता येते. तसेच कोळसा, धान्य, हाड, लाकूड, सूत यांचे वय काढता येते. पूर्वी हवेतील मूळ प्रमाण थोडे कमीजास्त होत असे, म्हणून वृक्षांच्या वलयांशी ताडून ते वय दुरुस्त करून घ्यावे लागते. या पद्धतीत ‘आजपूर्वी अमुक वर्षे’ असे लिहितात तेव्हा ‘आज’ म्हणजे १९५० साल धरतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता महत्त्वाचे. दगडाची मूर्ती वा धातूची प्रतिमा यांची कार्बन चाचणी होऊ शकत नाही. पाषाण कधी जिवंत नव्हता; त्याचा घसारा कोठून मोजणार? दगडाचे भूगर्भीय वय काढले तरी ते कोट्यवधी वर्षे निघेल. ते डोंगराचे वय, मूर्ती घडविल्याचे नव्हे. म्हणून कोणी ‘आमच्या मूर्तीची कार्बन चाचणी झाली असून ती दहा हजार वर्षांची निघाली’ असे सांगू लागला तर नम्रपणे विचारावे, कशाची चाचणी? मूर्तीचे वय ठरते ते तिच्या शैलीवरून, तिच्यासोबत सापडलेल्या वस्तूंवरून आणि सर्वांत खात्रीने तिच्या पीठावरील लेखावरून.

प्रयोगशाळेतून येणारे उत्तर कधीच एकच एक साल नसते. इतकी वर्षे, अधिक-उणे इतकी, असे असते. पुष्कळांना यात शास्त्राचा कमकुवतपणा दिसतो. स्याद्वादाचा वारसा सांगणाऱ्या आपणास तरी तसे वाटू नये. स्याद्वाद म्हणजे संशयवाद नव्हे, किंवा ‘सगळेच खरे’ असेही नव्हे. कोणत्या अपेक्षेने आणि कोणत्या मर्यादेत हे विधान खरे आहे, ते स्पष्ट सांगणे म्हणजे स्याद्वाद. शास्त्रातही ‘सापेक्ष कालनिर्णय’ आणि ‘निरपेक्ष कालनिर्णय’ असे दोन शब्द आहेत. अमुक वस्तू तमुक वस्तूच्या आधीची, एवढेच सांगणारा तो सापेक्ष. वर्षांचा आकडा देणारा तो निरपेक्ष. हे दोन शब्द आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

संवतांचा हिशेब

आपल्या मूर्तिलेखांत विक्रम संवत्, शक आणि क्वचित वीर निर्वाण संवत् आढळते. विक्रम संवतातून ५७ वजा केले, किंवा शकात ७८ मिळविले, की साधारणपणे इसवी सन मिळते. जानेवारीपासून नव्या वर्षारंभापर्यंत एका वर्षाचा फरक पडतो. शिवाय उत्तरेकडे विक्रम संवत् चैत्रात तर गुजरातेत कार्तिकात बदलतो. व्यापाऱ्यांना हे सांगावयास नको. दिवाळीच्या वहीपूजनाचा अनुभव सर्वांना आहे.

१९७४ साली देशभर भगवान महावीरांचा २५०० वा निर्वाण महोत्सव साजरा झाला, हे ज्येष्ठांना स्मरत असेल. परंपरेने निर्वाण इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये झाले. ५२७ आणि १९७४ यांची बेरीज २५०१ होते. मग एक वर्ष गेले कोठे? इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येते. मध्ये शून्य नावाचे वर्षच नाही. म्हणून बेरजेतून एक वजा करावा लागतो आणि २५०० चा मेळ अचूक बसतो.

अनेक दिगंबर मंदिरांत ‘संवत् १५४८ वैशाख शुद्ध ३’ असा लेख असलेल्या संगमरवरी मूर्ती आहेत. शेठ जीवराज पापडीवाल यांनी मुंडासा येथे भट्टारक जिनचंद्र यांच्याकरवी हजारो मूर्तींची प्रतिष्ठा करवून त्या गावोगाव पाठविल्या, त्यांतील या मूर्ती. उत्तरेकडील चैत्री गणना धरून ५७ वजा करा, १४९१ साल येते. ज्या मूर्तीला लोक भाबडेपणाने दोन हजार वर्षांची म्हणतात, ती पाचशे तीसहून अधिक वर्षांची निघते. यात मूर्तीची पूज्यता तिळमात्र उणी होत नाही. उलट एका श्रावकाने केवढे कार्य केले ते कळते. आणि ‘दोन हजार वर्षे’ म्हणून आपण त्या श्रावकाचे नावच पुसत होतो हेही कळते.

शिळेवरची अक्षरे

जुने लेख वाचण्याच्या शास्त्राला ‘पुराभिलेखविद्या’ म्हणतात आणि अक्षरांच्या वळणावरून काळ ठरविण्याला ‘पुरालिपिशास्त्र’. या दोन शास्त्रांनी आपल्या समाजाला जे दिले ते फार मोठे आहे.

ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत सम्राट खारवेलाचा सतरा ओळींचा लेख आहे. अर्हत आणि सिद्ध यांना नमस्कार करून त्याचा आरंभ होतो. नंद राजाने नेलेली कलिंगजिनाची प्रतिमा परत आणल्याचा त्यात उल्लेख आहे. हा लेख साधारणपणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील मानला जातो. आपल्या महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्याच्या मावळ भागात पाले गावाजवळच्या एका लेण्यात छोटा ब्राह्मी लेख आहे. डॉ. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. त्याचाही आरंभ अर्हतांच्या नमस्काराने होतो, म्हणून त्यांनी तो जैन मानला. अक्षरांच्या वळणावरून तोही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्यात लेणे आणि पाण्याची ‘पोढी’ करविल्याचे सांगितले आहे. पोढी म्हणजे खोदलेले टाके. आपण आजही ‘लेणे’ म्हणतो. तो शब्द त्या प्राकृतातून थेट आपल्या तोंडी आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा दिला. पाल्याच्या कातळावर या दोघींचे नाते आधीच कोरलेले आहे.

मथुरेचे कंकाली टेकाड हे आणखी एक उदाहरण. १८८८ ते १८९१ या काळात तेथे मोठे उत्खनन झाले. जैन स्तूपाचे अवशेष, आयागपट आणि असंख्य मूर्ती निघाल्या; त्यांतील पुष्कळ वस्तू लखनौच्या संग्रहालयात आहेत. त्यांतील एका पीठावर, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एका श्राविकेच्या दानाचा लेख आहे. त्यात तेथील स्तूपाला ‘देवनिर्मित’ म्हटले आहे. भाविक येथे थांबेल आणि हात जोडेल. विन्सेंट स्मिथ या अभ्यासकाने १९०१ साली त्यावर असा विचार मांडला की, त्या काळच्या लोकांनाही हा स्तूप कोणी बांधला हे आठवत नव्हते, म्हणूनच त्यांनी तो देवांनी बांधला असे म्हटले. अर्थात तो त्या लेखाच्या कित्येक शतके आधीचा असला पाहिजे. पाहा, श्रद्धेचा शब्द जसाच्या तसा राहिला आणि त्याच शब्दातून पुरावाही निघाला. श्रद्धा आणि शास्त्र यांना भांडावे लागले नाही.

सिद्ध, संभाव्य आणि सदृश

आता थोडे अवघड. मोहेंजोदडोच्या मुद्रांवरील उभ्या आकृती कायोत्सर्गातील जिनांसारख्या दिसतात, असे रामप्रसाद चंदा यांनी १९३२ साली लिहिले. तेव्हापासून आपल्या अनेक पुस्तिकांत ‘मोहेंजोदडो येथे भगवान ऋषभदेवांची मूर्ती सापडली’ असे वाक्य छापले जाते. चंदा यांनी साम्य दाखविले होते. साम्य म्हणजे सिद्धता नव्हे. लिपी वाचली गेलेली नाही तोवर कोणालाही, आपल्यालाही आणि आपल्या विरोधकांनाही, तेथे निश्चित विधान करता येत नाही. याउलट १९३७ साली पाटण्याजवळ लोहानीपूर येथे मिळालेले, मौर्यकालीन चकाकी असलेले दिगंबर धड बहुतेक अभ्यासक जिनप्रतिमेचे मानतात. पहिले विधान ‘सदृश’ या खात्यात जमा करावे, दुसरे ‘संभाव्य’ या खात्यात आणि खारवेलाचा लेख ‘सिद्ध’ या खात्यात.

कोणी म्हणेल, याने आपले नुकसान होईल. मी म्हणतो, फायदा होईल. एकोणिसाव्या शतकात जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा असल्याचे अनेक पाश्चात्त्य विद्वान लिहीत होते. हर्मन याकोबी यांनी १८७९ आणि १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून ते मत खोडून काढले. कशाच्या बळावर? घोषणेच्या नव्हे. बौद्ध ग्रंथांतच निगंठांचे, म्हणजे निर्ग्रंथांचे, उल्लेख आहेत आणि ते आधीपासून चालत आलेल्या संप्रदायाचे आहेत, हे त्यांनी ओळ दाखवून सिद्ध केले. भगवान पार्श्वनाथांची ऐतिहासिकताही त्यांच्याच विवेचनाने विद्वानांत मान्य होत गेली. आपली जागा आपल्याला पुराव्याने मिळाली आहे. ज्या पायऱ्यांनी आपण वर आलो, त्याच पायऱ्या आपण आता मोडू नयेत. आपली मुले शिकलेली आहेत. पुस्तिकेतील एक वाक्य खोटे ठरले की ती उरलेल्या नव्व्याण्णव खऱ्या वाक्यांवरही विश्वास ठेवीत नाहीत. सत्य हे पाच व्रतांपैकी एक आहे आणि त्यातून स्वधर्माच्या स्तुतीला सूट दिलेली नाही.

आपल्या हातात काय आहे

शेवटी व्यवहाराची गोष्ट. आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचा विचार चालू आहे, ही आनंदाची बाब आहे. पण ‘जीर्णोद्धार’ या शब्दात उद्धार जीर्णाचा आहे, उच्चाटन नव्हे. कितीतरी गावी जुन्या ओवऱ्या पाडून संगमरवर बसविताना पायरीवरचा लेख यंत्राने घासला गेला, खांबावर तैलरंगाचे थर चढले, जुन्या शिळा पायात गेल्या. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. तेथे काय आहे हे सांगणारा शब्द कोणापाशी नव्हता, इतकेच.

विश्वस्त मंडळाला माझी हात जोडून चार गोष्टींची विनंती आहे.

पहिली, काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मूर्ती, यंत्र, शिळा आणि खांब यांची छायाचित्रे घ्यावीत आणि कोणती वस्तू कोठे होती याची नोंदवही करावी. साठा नोंदवहीत जसा माल चढवितो तसे हे काम आहे. आपल्याला ते जड नाही.

दुसरी, लेखांवर तेल, शेंदूर, रंग वा आम्ल लावू नये. जाणकारांकडून त्यांचे ठसे घ्यावेत. ओला कागद लेखावर दाबून, ब्रशाने ठोकून, वर शाई टिपून घेतात. दगडाला इजा होत नाही आणि अक्षरे कायमची कागदावर येतात.

तिसरी, भांडारातील हस्तलिखित पोथ्यांची सूची करावी. पोथीच्या अखेरीस लेखकाने साल, स्थळ आणि स्वतःचे नाव दिलेले असते. त्याला ‘पुष्पिका’ म्हणतात. शेवटचे पान फाटके म्हणून टाकले तर पोथीचा जन्मदाखलाच गेला. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपलेला षट्खंडागम, धवला टीकेसह, १९३९ पासून आपल्या अमरावतीहून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली प्रकाशात येऊ लागला. कोणीतरी ती पाने टाकून दिली नाहीत म्हणूनच ते घडले.

चौथी, कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते आणि महत्त्वाच्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. जुन्या मूर्तींची रीतसर नोंदणी करावी. मूर्ती चोरीस गेली तर ती आपली होती हे सिद्ध करण्यास छायाचित्र आणि नोंद हाच आधार असतो.

ही चार कामे झाली तर ट्रस्टच्या शताब्दीला, पन्नास वर्षांनी, जो कोणी येथे उभा राहील त्याला ‘आमचे मंदिर फार प्राचीन आहे’ एवढे मोघम वाक्य बोलावे लागणार नाही. कोणती मूर्ती कोणत्या संवतातील, कोणी प्रतिष्ठिली, कोणती पोथी कोणी कोठे उतरविली, हे तो नावानिशी आणि सालानिशी सांगेल.